नऊ बिऱ्हाडांचा वाडा

(बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या मराठी मंडळींच्या वार्षिक व्याख्यानमालेतील स्मृती-व्याख्यानाचा मजकूर)



या रस्त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बैल आठवले होते. मुलगा फोनवर म्हणाला, ‘बाबा, सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला,’ आणि माझ्या डोळ्यांपुढे झुली घातलेली सर्जा-राजाची जोडी उभी राहिली. इथे राहायला आल्यावर कळलं की मी फारसा चुकलो नव्हतो. संध्याकाळी साडेसहाला अगाऱ्याहून दोड्डकन्नेल्लीला यायला जो वेळ लागतो, त्या वेळात बैलगाडीही येईल, आणि बैल वाटेत हॉर्न तरी वाजवणार नाहीत.

दुसरा धक्का पाट्यांचा. कैकोंड्रहळ्ळी, कसवनहळ्ळी, हालनायकनहळ्ळी. रोमी लिपीत या सगळ्यांच्या शेवटी तीच पाच अक्षरं: एच-ए-एल-एल-आय. आपल्यातला नवा माणूस ती वाचतो ‘हल्ली’. मीही वाचली. ‘कसवन हल्ली’ म्हणजे पूर्वी इथे काय होतं, असं मी मुलाला विचारलं होतं, आणि तो अजून ते पाहुण्यांना सांगतो. गंमत बघा, कानडीत ‘ळ’ आहे, मराठीतही ‘ळ’ आहे. दोन शेजारी, दोघांच्या घरात तेच भांडं. पण मध्ये रोमी पाटी आली की ‘ळ’ गळून पडतो आणि आपण कानडी गावाला ‘आजकाल’ म्हणून हाक मारतो.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांचं नाव मागच्या फलकावर आहेच. मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही. सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत, मीही आज तेच म्हणणार. बार्शीकडच्या शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवून त्या लेकीकडे इथे राहायला आल्या. क्लबहाउसमधल्या टेबल-टेनिसच्या खोलीत संध्याकाळी मुलं जमवू लागल्या. त्यांत आपल्या सोसायटीतली होती, फाटकावरच्या रखवालदारांची होती, इस्त्रीवाल्याची दोन होती. टेबलावरची जाळी काढायची, की झाला वर्ग.

बाईंच्या लेकीने मला त्यांची एक वही वाचायला दिली. तीच आज घेऊन आलो आहे. ही बघा, दोनशेपानी, कोपरे दुमडलेली, पुठ्ठ्याला आतून ब्राउन पेपर. मधल्या दोन पानांवर पट्टीने आखलेला एक वाडा आहे. वर मोठी दिंडी, तिच्यावर लाल शाईत चार इंग्रजी अक्षरं: ओ-यू-जी-एच. आत नऊ खोल्या. प्रत्येक खोलीच्या चौकटीवर देवनागरीत उच्चार आणि आत शब्द, म्हणजे भाडेकरू. अंगणात एक नळसुद्धा काढलाय. तो कशाला, ते मला कळलेलं नाही. वाडा म्हटल्यावर नळ हवाच, एवढंच असेल.

पहिली खोली ‘अफ’ची. रफ, टफ, इनफ. ही मंडळी आपल्या घरात कधीच शिरलेली आहेत. आपण ‘रफ वही’ म्हणतो, ‘पेपर टफ गेला’ म्हणतो, आणि म्हणताना त्यात जी-एच आहे हे कोणाच्या गावीही नसतं, कारण हे शब्द आपण कानांनी घेतले, डोळ्यांनी नाही. दुसरी ‘ऑफ’ची: कॉफ म्हणजे खोकला आणि ट्रॉफ म्हणजे गव्हाण, किंवा हवामानखात्याच्या भाषेत कमी दाबाचा पट्टा. तिसरीत दो, ऑल्दो, डो. चौथीत थ्रू एकटाच, सडाफटिंग. पाचवी खोली सगळ्यात गजबजलेली: थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट, ऑट. सहावीत बाउ, प्लाउ, ड्राउट. सातवीत थरा आणि बरा, म्हणजे ‘संपूर्ण’ आणि लंडनमधला ‘वॉर्ड’. आठवीत हिकप. नववीत आयर्लंडहून आलेला लॉख, म्हणजे तळं.

चार अक्षरं तीच, दिंडी एकच, आणि आत नऊ बिऱ्हाडं, एकाचं बोलणं दुसऱ्यासारखं नाही. इंग्लंडमध्ये एक गाव आहे, त्याच्या नावात ही साखळी दोनदा येते आणि दोन्हींचे उच्चार वेगळे: लफबरा. स्लाउ नावाचं दुसरं एक गाव आहे. तेच स्पेलिंग ‘स्लफ’ असं वाचलं की सापाने कात टाकणं होतं.

खोकल्याच्या खोलीपाशी थोडं थांबू. औषधाच्या दुकानात आपण ‘कफ सिरप’ मागतो. तो ‘कफ’ म्हणजे इंग्रजीतला ‘कॉफ’. पण मागणाऱ्याच्या मनात वात-पित्त-कफातला कफ असतो. या दोन शब्दांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. इंग्रजी शब्द खोकल्याच्या आवाजावरून पडला, आपला संस्कृतातून आला. तरी आपल्या छातीत दोघे एकाच जागी येऊन बसले आहेत. आठव्या खोलीतली उचकी तर पोटभाडेकरू आहे. तिचं मूळचं स्पेलिंग साधं, यू-पी असं संपणारं. कोणाला तरी वाटलं की उचकी म्हणजे खोकल्याचाच प्रकार, म्हणून तिच्या शेपटीला ‘कॉफ’ चिकटवला गेला. उच्चार मात्र तसाच राहिला. आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात. त्यांनी तिला छातीच्या डॉक्टरकडे पाठवलं.

आता हा वाडा बांधला कोणी? कोणीच नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत घशातून घासून येणारा एक आवाज होता. उर्दूवाल्यांच्या ‘ख़बर’मधल्या ‘ख़’च्या जवळचा. जर्मन माणूस रात्रीला ‘नाख्ट’ म्हणतो, त्यात तो अजून आहे. नॉर्मन आले, त्यांच्या लेखनिकांनी या परक्या आवाजासाठी जी-एच ही जोडी रूढ केली. मग आवाजच विरघळू लागला. काही बोलींत तो ओठांवर येऊन ‘फ’ झाला, काहींत नुसताच गेला. लंडन हे तेव्हाचं सर्जापूर रोड समजा, चारी दिशांचे लोक आलेले. कोणाचा ‘रफ’ टिकला, कोणाचा ‘दो’. उत्तरेकडे कणकेच्या गोळ्याला ‘डफ’ म्हणत, म्हणजे ‘डो’च, पण ‘फ’च्या बिऱ्हाडातला. त्यातच स्वरांनीही जागा बदलल्या. आणि हे सगळं हलतं असतानाच, १४७६ मध्ये, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला.

मी जन्मभर प्रुफं वाचली आहेत, म्हणून सांगतो. बोलणाऱ्याच्या तोंडात शब्द बदलतो तेव्हा आवाज होत नाही. कंपोझिटरच्या हातात तो बदलायचा म्हणजे खिळा काढा, दुसरा बसवा, ओळ पुन्हा आवळा. छापखान्याला बदल परवडत नाही. तोंडं पुढे गेली, खिळे मागे राहिले. झालं एवढंच.

हे ज्यांना सहन झालं नाही असे बरेच होऊन गेले. ‘घोटी’चा विनोद तुम्ही ऐकला असेल. ‘इनफ’मधला जी-एच म्हणजे फ, ‘विमेन’मधला ओ म्हणजे इ, ‘नेशन’मधला टी-आय म्हणजे श. तेव्हा जी-एच-ओ-टी-आय हे लिहून वाचायचं ‘फिश’! बर्नार्ड शॉच्या नावावर हा खपतो, पण तो शॉच्या जन्माआधीचा आहे. १८५५ च्या एका पत्रात तो सापडतो, आणि शॉ जन्मला १८५६ मध्ये. आपल्याला मात्र घोटी म्हटलं की मासा आठवत नाही, नाशिकहून मुंबईला जाताना इगतपुरीच्या अलीकडचं गाव आठवतं आणि तिथला तांदूळ.

शॉ खरोखर चिडलेला होता, एवढं खरं. १९५० मध्ये तो गेला तेव्हा मृत्युपत्रात नव्या इंग्रजी लिपीसाठी पैसे ठेवून गेला. लिपी तयार झाली, तिच्यात त्याचं ‘अँड्रोक्लिस अँड द लायन’ छापलं गेलं, आणि तिथेच ती संपली. त्याआधी अमेरिकेत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये तीनशे सोप्या स्पेलिंगांची यादी सरकारी छापखान्यात लागू करायचा हुकूम काढला होता. ‘थ्रू’ची सात अक्षरं चारवर आणणारं स्पेलिंग त्यातलंच. काँग्रेसने ते हाणून पाडलं. शिकागो ट्रिब्यून हे दैनिक १९३४ पासून १९७५ पर्यंत ‘थ्रू’ आणि ‘दो’ आखूड छापत राहिलं आणि शेवटी थकलं. आज तो आखूड ‘थ्रू’ गाडीतून न उतरता बर्गर मिळतो त्या खिडकीच्या पाटीवर उरला आहे. अमेरिकन नांगराने मात्र जी-एच खाली टाकला, तो डब्ल्यूवर भागवतो.

शॉच्या लिपीतलं ते पुस्तक निघालं १९६२ मध्ये. हे साल मी विसरणं शक्य नाही, कारण आमच्या धंद्यात त्याच साली भूकंप झाला. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम सरकारने मान्य केले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार पडले. त्या नियमांनी जे काढलं त्यात मोठा ऐवज होता तो न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांचा. नांव, पांच, दांत, कांहीं, घरें. डोक्यावर टिंब, तोंडात काही नाही. ते गेलं.

मी प्रूफ-टेबलावर बसू लागलो तेव्हा नियम होऊन काही वर्षं लोटली होती, पण जुन्या लेखकांचे हात वळले नव्हते. हस्तलिखितं टिंबांनी भरलेली यायची. कंपोझिटरही सवयीने टिंबाचा खिळा बसवून मोकळा व्हायचा. माझं काम लाल शाईने ते उडवायचं. एकेका गॅलीत चाळीस-पन्नास. वर्षानुवर्षं मी हे केलं आणि मला त्याचा अभिमान होता. घराची झाडलोट केल्यासारखं वाटायचं. एकदा एक वृद्ध शास्त्रीबुवा प्रूफ हातात घेऊन आले आणि म्हणाले, ‘तुम्ही माझे दात पाडलेत.’ मी हसलो होतो.

बाईंशी माझं भांडण झालं ते यावरूनच. कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याला सकाळी आमची फेरी असे. पूर्वेकडच्या बाकावर बसून पाणकावळे पंख वाळवतात ते बघायचं आणि भांडायचं. मी म्हणालो, ‘बाई, त्या वाड्याचं कौतुक कसलं करता पोरांपुढे? रोगट घर आहे ते. आम्ही आमचं साफ केलं, इंग्रजांना जमलं नाही.’

बाई म्हणाल्या, ‘तुम्ही भिंत रंगवलीत. खाली नावं लिहिलेली होती, ती गेली.’

मग त्यांनी जे सांगितलं ते या वहीत वाड्याच्या मागच्या पानावर आहे. तीनच ओळी. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे संस्कृत. मी वाचतो. ‘बाउ’, झाडाची फांदी, आणि समोर ‘बाहु’. ‘डो’, कणकेचा गोळा, आणि समोर ‘देह’. ‘डॉटर’, मुलगी, आणि समोर ‘दुहितृ’. तिसरा शब्द वाड्यातला नाही, त्यात ओच्या जागी ए आहे. पण चुलतभाऊ म्हणा.

मला वाटलं, शाळामास्तरणीची गंमत असेल, नादावरून जुळवलेली, ‘कफ’सारखी. घरी येऊन मुलाच्या संगणकावर व्युत्पत्तीचे कोश उघडून बसलो. खरं निघालं. फांदीचा इंग्रजी शब्द आधी खांद्याचा, दंडाचा होता, झाडाचा हात तो. डो आणि देह हे दोन्ही लिंपणे, मळून आकार देणे या एकाच धातूचे. म्हणजे देह हा मळलेला गोळा. या रस्त्यावर हल्ली दर शंभर पावलांवर ‘सावरडो’ पाव विकणारी बेकरी आहे. कोणी त्याला ‘सावरडफ’ म्हणतं, आणि उत्तर इंग्लंडातल्या म्हातारीला त्यात काही चुकीचं वाटणार नाही. त्या आंबट गोळ्याच्या शेपटीला जो मुका जी-एच आहे, तो आपल्या देहातला ‘ह’ आहे. बाहूतला ‘ह’ आहे. फारसीत दुख्तर म्हणतात तिच्यातला ‘ख़’, जर्मन टोख्टरमधला ‘ख’ आणि आपल्या दुहितेतला ‘ह’, सगळा एकच श्वास. आपण अजून उच्चारतो. त्यांनी उच्चार सोडला, पण पाटी काढली नाही. म्हणून तर ओळख पटली.

मग मी एकटाच पुढे शोधत बसलो. ‘नाइट’, रात्र, त्यातल्या जी-एचच्या जागी आपल्याकडे ‘नक्त’मधला ‘क’ आहे. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं त्या व्रताला आमची आजी नक्त म्हणत असे. ‘एट’ म्हणजे अष्ट, तिथे जी-एचच्या जागी आपला ‘ष’. आणि माझी टिंबं? पांचमधलं टिंब पञ्चमधला ‘ञ’ होता. दांतमधलं दन्तमधला ‘न’. कांटा म्हणजे कण्टक, तिथे ‘ण’. नांवावर टिंब होतं तोवर ते पाण्यातल्या नावेपासून वेगळं दिसत होतं. आता ‘नाव बुडालं’ हे वाचून होडीबद्दल आहे की घराण्याबद्दल, हे क्रियापदाच्या लिंगावरून ठरवायचं. कोकणातल्या माणसाच्या नाकात यातलं बरंच काही शाबूत आहे. शास्त्रीबुवांचे दात मी पाडले होते, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

तरीही टिंबं परत आणा असं मी म्हणणार नाही. चौथीतल्या पोराला पञ्चाची आठवण ठेवायला लावून पांच लिहायला सांगायचं, आणि चुकलं की छडी, हे मी पाहिलं आहे. नियम झाले ते पोरांच्या बाजूने झाले. पण इंग्रजांकडे बघून ‘आम्ही शहाणे’ म्हणायची माझी सवय त्या बाकावर सुटली. आणि आपली लिपी ‘जशी बोलावी तशी लिहावी’ आहे असं कोणी छाती फुगवून म्हणालं, तर त्याला ‘चारा’ आणि ‘चार’ वाचायला सांगा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे मरू नकोस, हे दोन्ही लिहून द्या. आमच्या कानडी शेजाऱ्याला मी मराठी शिकवायला गेलो तेव्हा तो याच दोन शब्दांवर अडला होता.

आता शेवटच्या खोलीकडे येतो. ती वहीत नाही, आमच्या घरात आहे. माझ्या नातीच्या नावाची सुरुवात ‘ज्ञ’ने होते. रोमीत लिहिताना आपण मराठी लोक तिथे डी-एन-वाय लिहितो. १८४२ मध्ये अहमदनगरला अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलेलं ‘ज्ञानोदय’ घ्या, की आळंदीच्या माउलींचं नाव घ्या, रोमीत डी-एन-वायच. ही तीन अक्षरं या क्रमाने लागोपाठ आलेला इंग्रजी शब्द मला कोशात मिळाला नाही. ‘किडनी’ जवळ येते, पण मध्ये ई तडमडते. त्यामुळे शाळेत हजेरी घेताना पहिल्या दिवशी ‘डन्या’ झाला, दुसऱ्या दिवशी ‘दिन्या’. पोरगी रडत आली. म्हणाली, ‘आजोबा, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय.’

मी तिला बाईंकडे नेलं. बाईंनी तिला शहराचा नकाशा दाखवला. पश्चिमेला विद्यापीठाच्या बाजूला ज्ञानभारती, मेट्रोचं स्टेशन आहे, त्याच्या पाटीवर जे-एन. पूर्वेला विज्ञाननगर, तिथे जी-एन. उत्तरेकडून आलेले लोक म्हणणार ‘ग्यान’, गुजराती म्हणणार ‘ग्नान’, आपण ‘द्न्यान’. मूळचा उच्चार ‘ज्’ला ‘ञ’ जोडून होणारा. तो आता रोजच्या बोलण्यात कोणाकडेच उरला नाही. अक्षर एक, बिऱ्हाडं पाच. मग त्यांनी फळ्यावर इंग्रजीतला ‘नो’ लिहिला, ‘जाणणे’ या अर्थाचा, के-एन-ओ-डब्ल्यू. के वर बोट ठेवून विचारलं, ‘हा बोलत का नाही?’

नात म्हणाली, ‘सायलेंट आहे.’

बाई म्हणाल्या, ‘पूर्वी बोलायचा. क्नो म्हणत. तू ज्या धातूची आहेस ना, ज्ञा, त्याच धातूचा आहे तो. तुझ्यातला ज् म्हणजे त्याचा के. त्यांनी तो गिळला, आपण त्याचा द केला. दोघांनीही मूळचा ठेवला नाही, तेव्हा कोणी कोणाला हसायचं नाही.’

हे ती सात वर्षांची पोर काय समजली असेल? पण तिने त्या दिवशी वहीत के ला मिशा काढल्या आणि त्याचं नाव ‘काका’ ठेवलं. इंग्रजीत के कुठे मुका भेटला की ती अजून म्हणते, काका झोपलेत.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. मागच्या आठवड्यात नात शाळेच्या बसमधून उतरली तेव्हा मी फाटकावर होतो. फाटकावरच्या त्या यंत्रात येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव टाकलं की ते बाईमाणसाच्या आवाजात मोठ्याने वाचतं. त्याने नेहमीप्रमाणे ‘डन्या’ केलं. यंत्र मध्येच बंद पडतं म्हणून रखवालदार शेजारी एक रजिस्टरही ठेवतो. हा मुलगा बिहारचा, दरभंग्याकडचा. त्याने पेन उचललं, नात सांगत होती तसं ऐकलं, आणि अक्षर घोटून लिहिलं, ज्ञ, खालची गाठसुद्धा नीट मारून. मग वर न बघता लिहिलेलं वाचलं: ‘ग्या...’

नात म्हणाली, ‘हो, मीच,’ आणि आत पळाली.